काकूंच्या हाती स्टिअरिंग

ऑकलंडमधल्या आमच्या न्यू लिनच्या घरमालकीण काकू लांबच्या प्रवासाला निघताना पंजाबी ड्रेसच्या आत पोहण्याचे कपडे घालूनच निघत. "पाणी काय सांगून येतं का?" असं त्यांचं म्हणणं. इथे न्यूझीलंडमध्ये पोहण्याच्या कपड्यांना सगळे 'टॉग्ज' म्हणतात. काकूही तेच म्हणायच्या, पण अनेकवचन त्यांनी मराठी पद्धतीने करून टाकलं होतं. "टॉग्जा वाळत घातल्यात गं, पाऊस आला तर काढ," असा फोन मला भर कामात यायचा.

मी तेव्हा शिक्षण संपवून जवळच्याच हेन्डरसनच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागले होते आणि खोली शोधत होते. काकूंकडे खोली बघायला गेले, तेव्हा पगार किती, पाहुणे येणार का, स्वयंपाक किती वेळा करणार, अशा प्रश्नांची तयारी करून गेले होते. काकूंनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "गाडीत झोप लागते का तुला?"

"लागते कधीकधी," मी म्हणाले.

"हं." त्यांनी कप खाली ठेवला. "मग जरा विचार करावा लागेल."

शेवटी, त्यांच्या गाडीत बसले तर जागी राहीन, या अटीवर मला खोली मिळाली. ही अट गमतीची नव्हती, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. देवळातून येताना माझी मान जरा कलली, तर काकूंनी सिग्नलला गाडी उभी असताना मागे वळून माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "उठ! ते झाड बघ, लालभडक झालंय. उद्या नसेल ते असं."

उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा. सांगलीला कृष्णेत पोहायला शिकलेल्या. ऑकलंडला आल्यावर त्यांनी एका पडद्यांच्या कारखान्यात बरीच वर्षं शिवणकाम केलं. "आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकल्या मी," म्हणायच्या, आणि स्वतःच्या घरात एकाही खिडकीला पडदा लावायच्या नाहीत. समोरच्या घरातली बाई आमचं जेवण रोज बघायची. काकू तिला हात करायच्या.

त्यांच्या झोपविरोधाचं मूळ कारण होतं काका. काका म्हणजे पोचणारा माणूस. पाण्याच्या पाइपलाइनवर काम करणारे इंजिनिअर. घरून निघायचं आणि पोचायचं. मधलं जे काही असतं, तो त्यांच्या लेखी अडथळा. "अहो थांबा ना, धबधबा आहे," असं काकू म्हणेपर्यंत धबधबा मागे पडलेला असायचा. "उशीर होतोय," हे काकांचं एकच उत्तर. कशाला उशीर होतोय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. टाउपोजवळचा एक मोठा धबधबा तर रस्त्यापासून पाच मिनिटांवर, आणि मुलगा लहान असल्यापासून किती वेळा त्या रस्त्याने गेले, पण काकूंनी तो पाहिला नव्हता. "अख्खा न्यूझीलंड मी ताशी शंभरने पाहिलाय," त्या मला सांगायच्या. "हिरवा आहे आणि उजवीकडून डावीकडे पळतो."

पन्नाशी उलटल्यावर काकू गाडी शिकल्या त्या या रागातूनच. दोनदा नापास झाल्या. शिकवणारा म्हातारा गोरा फार गोड माणूस. त्यांनी कितीही वाकडी गाडी लावली तरी 'झकास' या अर्थाने 'स्वीट अ‍ॅज' म्हणायचा. काकूंना ते भारी खटकायचं. "कशासारखं गोड, ते हे लोक शेवटपर्यंत सांगतच नाहीत!" लायसन्स मिळालं, पण त्यांची धाव हेन्डरसनपर्यंत. लांब जायचं म्हणजे स्टिअरिंग काकांकडे, हे घरात ठरलेलंच होतं.

काकांच्या निवृत्तीनिमित्त मुलाने त्यांना आधीच एक सहल भेट दिली. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, टाकानिनीला राहतो, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देतो. त्याने कसर ठेवली नव्हती. क्राइस्टचर्चला विमानाने जायचं, तिथे मोठी आलिशान गाडी ताब्यात घ्यायची, आणि तळी, बर्फाचे डोंगर, ओटागोचा वाळवंटासारखा कोरडा मुलूख, घळया, राष्ट्रीय उद्यानं असं करत क्वीन्सटाउनला पोचायचं. मुक्काम अशा लॉजमध्ये, की जिथे उशा कसल्या हव्यात ते आधी विचारतात. काका खूश होते. कुठून कुठे किती वेळात पोचायचं, हे त्यांनी पाठ केलं होतं.

आणि निघायच्या थोडे दिवस आधी काकांना ऑफिसात फिट आली. पहिल्यांदाच. खुर्चीवरून पडले, खांद्याला लागलं. तपासण्या झाल्या, मेंदूत काही वाईट निघालं नाही. पण डॉक्टरांनी वर्षभर गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. काका घरी आले ते कोचावर बसले आणि म्हणाले, "ते ट्रिपचं रद्द करून टाका."

"रद्द कशाला?" काकू म्हणाल्या. "मी चालवते."

काका हसले. मुद्दाम नव्हे, अगदी आपसूक हसले. मी स्वयंपाकघरात उभी होते, मला ते ऐकू आलं. थोड्या वेळाने काकू माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू येतेस. दुसरी ड्रायव्हर म्हणून नाव घालू. तुला चालवायला देणार नाही, पण यांना बरं वाटेल."

मुलाचा फोन आला तो स्पीकरवर होता. "मम, यू ओन्ली ड्राइव्ह टू हेन्डरसन!"

"हेन्डरसनपर्यंत येतं ना मला? पुढे रस्ता तसाच असतो रे. लांब असतो, एवढंच."

क्राइस्टचर्चला गाडी समोर आली तेव्हा मीच जरा घाबरले. काळीभोर, होडीएवढी लांब, आत चामड्याच्या सीटा आणि विमानासारखे दिवे. काकूंनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग आत बसून सीट पुढे ओढली, आणखी पुढे ओढली, इतकी की स्टिअरिंग छातीला टेकायचं बाकी राहिलं. काका शेजारी. मी मागे. गावाबाहेर पडतोय न पडतोय तोच काकू किंचाळल्या, "अहो! ढुंगण भाजतंय!"

"सीट हीटर आहे तो," काका म्हणाले. "हळू बोल, ती मागे बसलीय."

"तिचंही भाजत असेल. भाजतंय का गं?"

भाजत होतं, आणि छान वाटत होतं. एप्रिलची, म्हणजे इथल्या शरदातली थंडी होती बाहेर.

काकू गाडी चालवताना बोलत नसत, ओरडत. भीतीने नाही, आनंदाने. एखादं वळण ओलांडलं आणि समोर बर्फाचा डोंगर उभा राहिला की "आला! आला!" अशी आरोळी, जसा काही तो डोंगर आम्हाला घ्यायला स्टेशनवर आलाय. गाडीतला नियम एकच. कुणीही 'थांब' म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. मागून गाडी येत नसेल आणि कडेला जागा असेल तर काकू दिवा लावून लगेच बाजूला घेत. आम्ही मेंढ्यांसाठी थांबलो, ढगासाठी थांबलो, एका पडक्या डब्यासारख्या खोपटासाठी थांबलो. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला त्या 'हाऊ आर यू' विचारत नसत. "किआ ओरा! व्हॉट डिड यू सी?" म्हणजे माओरीत नमस्कार आणि मग 'काय पाहिलंत?' हा त्यांचा प्रश्न. लोक आधी गोंधळत, मग खरंच आठवून सांगत. एका दमलेल्या सायकलवाल्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "हेडविंड. हीप्स ऑफ हेडविंड." म्हणजे समोरून नुसता वारा. काकूंनी त्याला चिवडा दिला.

काका मात्र एकदाही 'थांब' म्हणाले नाहीत. फोनवरच्या नकाशात डोकं घालून बसत आणि मधूनच वेग सांगत. "ब्याण्णव." "अठ्ठ्याण्णव." कंडक्टरने स्टॉपचं नाव पुकारावं तसं. संध्याकाळ जवळ आली की, "पोचू ना आपण?"

पुकाकी तळ्याचं पाणी निळं म्हणण्याइतकंही साधं नाही. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाने ते दुधट झालेलं असतं, आणि पलीकडे आओराकी, या देशातला सर्वांत उंच डोंगर, पांढराशुभ्र. काकूंनी कडेला गाडी घेतली, दार उघडलं, ड्रेस काढून सीटवर टाकला आणि दगडांवरून तरातरा पाण्यात शिरल्या. आतले टॉग्ज तयारच होते. पर्यटकांची एक बस उभी होती. सगळी बस बघत राहिली.

"वेडी आहे," काका म्हणाले. "आजारी पडेल."

तेवढ्यात पाण्यातून आवाज आला, "अहो, मरणाचं गार आहे! या की!"

काका गेले नाहीत. पण काठावर उभं राहून, गाडीच्या डिकीतला आदल्या मुक्कामाच्या लॉजचा जाडजूड टॉवेल दोन्ही हातांत धरून, त्या बाहेर येईपर्यंत थांबून राहिले. टॉवेल लॉजमधून काकूंनीच 'फक्त दिवसापुरता' आणला होता.

राष्ट्रीय उद्यानातल्या पुढच्या लॉजची खोली म्हणजे एक अख्खी भिंत काचेची आणि काचेत डोंगर. काकूंनी आत शिरल्याबरोबर पडद्याचं टोक उलटून पाहिलं. "अस्तर चांगलंय, चुण्यात कंजुषी केलीय." आणि पडदा जो बाजूला सारला तो निघेपर्यंत ओढू दिला नाही. सकाळी नाश्त्याला काका डोळे चोळत आले. डोळ्यांवर मोजा बांधून झोपले होते म्हणे. काकू जँडल, म्हणजे साध्या रबरी चपला घालून, त्या पांढऱ्या टेबलांमधून फिरत होत्या आणि शेफला बारीक चिरलेल्या कांद्याचं महत्त्व समजावत होत्या.

ओमारामाजवळ मातीचे कडे आहेत. नदीने आणि पावसाने कापून काढलेले उंचच उंच मातीचे सुळके, त्यांच्यामध्ये अरुंद घळया. नकाशावर काकूंनी ते पाहून ठेवले होते, सहलीच्या आखणीत ते नव्हते. डांबरी रस्ता सोडून खडीच्या रस्त्याने जावं लागतं, मेंढ्यांच्या कुरणातून. काका म्हणाले, "ही गाडी या रस्त्याची नाही."

"मी या रस्त्याची आहे," काकू म्हणाल्या आणि वळल्या.

दोन्ही बाजूंना पॉपलरची पिवळीधमक झाडं होती, मागे धुळीचा लोट. एका वळणावर समोरून ट्रेलर जोडलेला ट्रक आला. काकूंनी गाडी कडेला घेतली, तशी मागची चाकं खडीवर सरकली. गाडी तिरपी झाली. काकांचा हात झपकन स्टिअरिंगवर आला.

"हात काढा," काकू म्हणाल्या.

ओरडल्या नाहीत. अख्ख्या प्रवासात त्या इतक्या हळू आवाजात पहिल्यांदा बोलल्या. काकांनी हात काढला. काकूंनी ब्रेकला पायही लावला नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि चाक अलगद सरळ केलं. गाडी डुलली, सावरली. ट्रकवाल्याने एक बोट उचलून सलाम केला आणि गेला. मी मागे सीटचं चामडं इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखत होती. पुढे कुरणाचं फाटक आलं, ते उघडायला मी उतरले.

कड्यांच्या पायथ्याशी काकू उतरल्या आणि मागे न बघता चालू लागल्या. काका गाडीतच बसणार असं मला वाटलं. पण ते उतरले, आणि त्यांच्या त्या ऑफिसच्या बुटांनी निसरड्या खडीवरून वर चढायला लागले. मी मागे राहिले, पडले तर धरायला.

घळीत शिरलं की आभाळाची एक फीत उरते. दोन्ही अंगांना पिवळट मातीच्या भिंती, त्यांत गोटे रोवलेले, वर टोकं कुणी ओल्या वाळूचे थेंब सोडून बनवल्यासारखी. काकू मधोमध मान वर करून उभ्या होत्या. सगळा राग कुठे गेला होता कुणास ठाऊक. तोंड उघडं, लहान मुलीसारखं. "बघ गं, बघ! पावसाने केलंय हे. नुसत्या पावसाने!"

काका धापा टाकत आले आणि एका दगडावर बसले. चेहरा पांढरा पडला होता. काकू धावत आल्या.

"काय होतंय? डोकं गरगरतंय?"

"काही होत नाही." काका जमिनीकडे बघत होते. "होईल अशी भीती वाटते. सारखी. इथे झालं तर काय, गाडीत झालं तर काय. म्हणून लवकर पोचावंसं वाटतं. तुझ्या हातावर विश्वास नाही असं नाही."

काकू त्यांच्या शेजारी खडीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आता भीती वाटते, ते समजलं मला. पण आधी? तेव्हा तर धडधाकट होता. तेव्हा का नाही थांबलात कधी? तो धबधबा पाच मिनिटांवर होता."

काकांनी बुटाने खडी उकरली. "आपली पहिली गाडी आठवते? ती लाल, गिअरची?"

"आठवते की."

"तिचा स्टार्टर गेला होता. बंद केली तर परत सुरू होईलच असं नव्हतं. दुरुस्तीचं बघू बघू करत राहिलो. मागच्या सीटवर पोरगा, तू नवीन देशात आलेली, आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर... तुला कसं सांगणार? म्हणून म्हणायचो, उशीर होतोय. घरी आणली की उतारावर लावायची, सकाळी उतारावरून सोडली की सुरू व्हायची."

"म्हणून उतारावर!" काकूंनी कपाळावर हात मारला. "मला वाटायचं, तुम्हाला वास्तुशास्त्राचं काहीतरी आहे!"

"मग दुसरी गाडी आली, चांगली आली. पण तोवर सवय लागली होती. थांबायचं म्हटलं की आधी उतार शोधायचो."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. आणि त्या हसायला लागल्या. पोट धरून, खडीवर मागे रेलून हसल्या. ती घळ इतकी अरुंद, की हसू वर चढत गेलं आणि सुळक्यांवरून परत आलं. पलीकडच्या फटीतून एक जोडपं डोकावून बघायला आलं.

"अहो, मला सांगितलं असतंत तर मी ढकलली असती की! धबधबा बघितला असता आणि ढकलली असती!"

मग एकदम सरळ उठून बसल्या. "इतकी वर्षं मला वाटलं, माझं म्हणणं तुम्हाला ऐकूच येत नाही."

"ऐकू यायचं," काका म्हणाले. "दर वेळी यायचं."

मी त्या जोडप्याला घेऊन जरा बाजूला गेले आणि काकूंच्या वतीने त्यांना विचारलं, व्हॉट डिड यू सी.

त्यानंतरचा प्रवास वेगळाच झाला असं म्हटलं तर खोटं होईल. काका वेग पुकारत राहिले आणि काकू ओरडत राहिल्या. पण लिंडिस पास नावाच्या घाटाच्या चढावर, जिथे डोंगर उन्हात वाळलेल्या गवताने सिंहाच्या कातडीसारखे दिसतात, तिथे काका "सत्त्याऐंशी" म्हणता म्हणता मध्येच गप्प झाले आणि खिडकीतून बघत राहिले. क्वीन्सटाउनच्या अलीकडे घळीतून नदी वाहते, हिरवी आणि फेसाळ. तिथे काकूंनी आपण होऊन विचारलं, "थांबायचं?" काका म्हणाले, "गाडी सुरू होईल ना परत?" आणि दोघं असे हसले की मला मागे बसून परकं वाटलं, आणि बरंही वाटलं.

वर्षभरात काकांना परत फिट आली नाही. डॉक्टरांनी लायसन्स मोकळं केलं. तोवर माझं लग्न होऊन मी न्यू लिन सोडलं होतं, पण काकूंचा फोन आला. "रविवारी मोकळी आहेस ना? डेझर्ट रोडला जायचंय. हे चालवणार आहेत." आवाजात मोठा उत्साह होता, पण काहीतरी दाबून ठेवल्यासारखंही वाटलं. वर्षभर सगळीकडे त्याच चालवत होत्या. आता परत डाव्या सीटवर.

आम्ही पहाटे निघालो. काका चालवत होते, नीट, नेमके, पूर्वीसारखे. काकू डावीकडे मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि ओरडत नव्हत्या. टाउपोच्या त्या धबधब्याशी काकांनी न सांगता गाडी वळवली. काकूंनी कठड्याला धरून तो बघितला, डोळे भरून बघितला, आणि एवढंच म्हणाल्या, "आवाज केवढा आहे नाही याचा. गाडीत कधी आलाच नाही."

पुढे तोंगारिरो उद्यानाच्या कडेने डेझर्ट रोड सुरू झाला. झाड नाही, घर नाही. करडी राखट माती, खुरटं पिवळं गवत, विजेचे मनोरे आणि डावीउजवीकडे वाऱ्याने खरवडलेल्या ओघळी. ज्वालामुखी सगळे ढगात होते. बऱ्याच वेळाने उजवीकडचा ढग फाटला आणि त्या ज्वालामुखींतला सर्वांत उंच, रुआपेहू निघाला. एवढा मोठा, एवढा जवळ, अंगभर ताजा बर्फ.

"आला," काकू म्हणाल्या. हळूच, मान वाकडी करून, काकांच्या पलीकडे बघत.

काकांनी एकदा उजवीकडे बघितलं, परत रस्त्याकडे बघितलं. परत उजवीकडे. मग कडेची रुंद जागा बघून गाडी बाहेर घेतली, बंद केली आणि किल्ली काकूंच्या मांडीवर ठेवली.

"काय झालं?" काकू घाबरल्या. "बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय. तू चालव," काका म्हणाले. "चालवताना दिसत नाही काही. मला बघायचंय."

काकू दार उघडून वाऱ्यात उतरल्या, गाडीच्या पुढून धावतच आल्या, काकांना जवळजवळ ओढून बाहेर काढलं आणि सीट करकर आवाज करत पुढे, आणखी पुढे घेतली. काकांना डावी सीट नको होती, त्या बाजूने डोंगर दिसत नव्हता. ते मागे आले, मला पलीकडे सरकायला सांगितलं आणि उजव्या खिडकीशी बसले. पट्टा लावला. काच वाफेने धूसर झाली होती.

"गं, पुसायला काही आहे का तुझ्याकडे?" त्यांनी मला विचारलं. आणि मी पिशवीत हात घालेपर्यंत वाट न बघता, शर्टाच्या बाहीने ती काच आतून कोपऱ्यांपर्यंत नीट पुसून काढली.